जुना संगणक, हरवलेली केबल

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी आवराआवर सुरू होते. माळ्यावरची खोकी खाली उतरतात आणि त्यांतल्या एखाद्या खोक्यात वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक निघतो. कुणाच्या घरी तो प्रबंधाचा साक्षीदार असतो, कुणाच्या घरी दुकानाच्या हिशेबाचा, तर एखाद्या छोट्या प्रकाशकाकडे पहिल्या दहा पुस्तकांचा. मोठ्या कुतूहलाने तो टेबलावर मांडला जातो आणि तिथेच गाडी अडते. पडद्याला जोडणारी केबल सापडत नाही; सापडलीच तर तिचे तोंड आजच्या मॉनिटरला बसत नाही. विजेचा अडॅप्टर केव्हाच गहाळ झालेला असतो. ज्या पोर्टमधून आतली माहिती बाहेर काढायची, त्याच्याशी जुळणारे काहीही आजच्या लॅपटॉपवर नसते. यंत्र शाबूत आहे, आतली माहितीही कदाचित शाबूत आहे. हरवला आहे तो दोहोंमधला दीड मीटर लांबीचा दुवा.

जुन्या संगणकांविषयी बोलताना आपण प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांच्याविषयी बोलतो. केबलीकडे कुणाचे लक्ष जात नाही. घर बदलताना, कार्यालय हलवताना सर्वांत आधी भंगारात जाते ती केबलच. तांब्याच्या भावाने तिचे वजन होते आणि विषय संपतो. पण केबल ही नुसती तार नसते. दोन यंत्रांनी आपसांत केलेला तो एक करार असतो. कोणत्या पिनेवरून काय जाणार, किती व्होल्टने जाणार, कोणत्या दिशेने जाणार, हे सारे त्या करारात ठरलेले असते. तोंडाचा आकार हा त्या कराराचा केवळ लिफाफा. लिफाफे सारखे आहेत म्हणून आतला मजकूरही सारखाच असेल, असे जो गृहीत धरतो त्याचे यंत्र जळते. उलट, मजकूर ज्याला ठाऊक आहे तो बाजारात न मिळणारी केबलही घरच्या घरी तयार करू शकतो.

एक चेहरा, अनेक स्वभाव

जुन्या संगणकाच्या पाठीमागे सर्वाधिक दिसते ते इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे, ओळीने पिना असलेले धातूचे तोंड. कॅनन या अमेरिकी कंपनीने १९५२ मध्ये ही जात बाजारात आणली. दोन्ही बाजू तिरप्या असल्यामुळे हे तोंड उलटे बसत नाही, हा त्याचा मोठा गुण. कंपनीने कवचाच्या आकारांना अक्षरे दिली होती: १५ पिनांच्या कवचाला 'ए', २५ पिनांच्या कवचाला 'बी', ३७ ला 'सी', ५० ला 'डी' आणि ९ पिनांच्या सर्वांत लहान कवचाला 'ई'. त्यामुळे २५ पिनांच्या तोंडाला 'डीबी-२५' म्हणणे योग्य असले, तरी ९ पिनांच्या तोंडाचे खरे नाव 'डीई-९' आहे. परंतु संगणकांमुळे लोकांच्या ओळखीचे झाले ते डीबी-२५. पुढे 'डीबी' हेच साऱ्या कुळाचे आडनाव ठरले आणि 'डीबी-९' हे चुकीचे नावच रूढ झाले. सुटा भाग शोधताना दोन्ही नावांनी शोध घ्यावा, तो यासाठी.

आता या ९ पिनांच्या तोंडाचे स्वभाव पाहा. आयबीएमने १९८४ मध्ये 'पीसी-एटी' आणला तेव्हा सिरियल पोर्टसाठी हे तोंड वापरले. या पोर्टवरचे संदेश उणे बारा ते अधिक बारा व्होल्टच्या आसपास हेलकावे घेतात. त्याआधीच, १९८१ पासून, आयबीएमच्याच रंगीत मॉनिटरसाठीच्या 'सीजीए' कार्डवर हेच तोंड होते. तिथे रंगांचे संदेश पाच व्होल्टचे. अटारी आणि कमोडोर यांच्या संगणकांवर तेच तोंड जॉयस्टिकसाठी होते आणि त्यातल्या एका पिनेवर जॉयस्टिकच्या उपयोगासाठी पाच व्होल्टचा पुरवठा होता. सिरियल पोर्टचा बारा व्होल्टचा दाब पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपवर पडला, तर ती निकामी होण्याचा धोका असतो.

आयबीएमच्या पीसीवर निदान एक खूण होती. पिना बाहेर आलेले, म्हणजे 'मेल' तोंड असेल तर ते सिरियल. भोके असलेले 'फीमेल' तोंड असेल तर ९ भोकांचे मॉनिटरचे आणि २५ भोकांचे प्रिंटरचे, म्हणजे पॅरलल. पण ही खूण कंपनीच्या उंबरठ्यापलीकडे चालत नाही. ॲपलने १९८६ च्या 'मॅकिंटॉश प्लस'वर अगदी तसेच २५ भोकांचे तोंड दिले. मात्र ते प्रिंटरसाठी नव्हते, हार्डडिस्क जोडण्याच्या 'स्कझी' या पद्धतीसाठी होते. नव्वदच्या दशकात डीटीपीच्या व्यवसायात फार वापरल्या गेलेल्या 'झिप ड्राइव्ह'ची गंमत तर आणखी निराळी. तिची एक आवृत्ती पॅरलल पोर्टला लागे, दुसरी स्कझीला, आणि दोन्हींची तोंडे २५ पिनांचीच. म्हणून जुन्या झिप ड्राइव्हला केबल लावण्यापूर्वी ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे तिच्यावरील मजकूर वाचून ठरवावे. तोंड पाहून नव्हे.

आधी वीज तपासावी

केबलींमध्ये सर्वांत निरुपद्रवी दिसणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी केबल म्हणजे विजेची. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये आलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा याचा उत्तम नमुना. भारतातही १९८० च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याच्या 'प्लस' आवृत्तीची परवान्याने विक्री केली होती. या यंत्राला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याचा गोल प्लग आजच्या अनेक अडॅप्टरांसारखाच दिसतो. मात्र आजच्या बहुतेक अडॅप्टरांत प्लगच्या आतली बाजू 'अधिक' व बाहेरची 'उणे' असते. स्पेक्ट्रममध्ये नेमके उलटे, आतली बाजू 'उणे'. घरातला राउटरचा अडॅप्टर त्यात सहज बसतो, व्होल्टचा आकडाही जुळू शकतो आणि तरीही आत उलटी वीज शिरते.

'कमोडोर ६४'चा वीजपुरवठा सात पिनांच्या गोल प्लगमधून होतो आणि त्यातून पाच व्होल्ट एकदिश व नऊ व्होल्ट प्रत्यावर्ती असे दोन प्रवाह जातात. या अडॅप्टरांतला व्होल्टवर ताबा ठेवणारा भाग वयोमानाने बिघडला की पाचाऐवजी अधिक दाब पुढे जातो आणि संगणकातील स्मृतीच्या चिप जळतात. मूळ केबल मूळ डब्यासह सापडली तरी ती जशीच्या तशी लावू नये. आधी मल्टिमीटरने मोजावे. पाच व्होल्टची ओळ पावणेपाच ते सव्वापाचच्या दरम्यान असेल तरच पुढे जावे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली जोडले गेलेले पीसी आठवत असतील, तर त्यांच्या मदरबोर्डला जाणारे दोन सहा-सहा तारांचे प्लगही आठवतील. ते शेजारी शेजारी बसत आणि त्यांची अदलाबदल सहज होऊ शके. अदलाबदल झाली की बोर्ड गेलाच. त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्यांचा एक साधा नियम होता: दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हा नियम आजही तितकाच खरा आहे आणि असा एखादा पीसी उघडणाऱ्याने तो पाठच करावा. जुन्या मॉनिटरचे मागचे झाकण मात्र हौसेने उघडू नये. काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब साठून राहू शकतो.

बाजारात काय मिळते?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे सुट्या भागांच्या दुकानात 'जुन्या संगणकाची केबल द्या' असे म्हटले, तर विक्रेता मान हलवेल. तेच मागणे नेमके असेल तर चित्र बदलते. '२५ पिनांचा डी-कनेक्टर, मेल, सोल्डर टाइप, हूडसह' असे सांगितले की वस्तू मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कारण सरळ आहे. संगणकाने सोडून दिलेली ही तोंडे उद्योगांनी सोडलेली नाहीत. कारखान्यांतील सीएनसी यंत्रे, वजनकाटे, प्रयोगशाळेतील उपकरणे यांवर सिरियल पोर्ट आजही दिसतो. म्हणून ९, १५, २५ आणि ३७ पिनांचे डी-कनेक्टर आजही नवे बनतात. चपट्या पट्टीसारखी केबल, जिला बाजारात 'एफआरसी' म्हणतात, तीही मिळते.

गोल तोंडांच्या 'डिन' प्लगांची स्थिती थोडी वेगळी. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून ओळखले जाणारे हे प्लग पूर्वी टेपरेकॉर्डरला असत. पीसी-एटीच्या कीबोर्डचा पाच पिनांचा प्लग आणि वाद्यवृंदातील इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या 'मिडी' केबलचा प्लग हे दिसायला एकच आहेत. त्यामुळे संगीत साहित्याच्या दुकानातून मिडी केबल आणावी आणि ती संगणकाच्या कीबोर्डला जोडावी, असा मोह होतो. पण मिडीला पाचपैकी तीनच पिना लागतात, म्हणून बऱ्याच तयार केबलींत उरलेल्या दोन पिनांना तारच जोडलेली नसते. संगणकाच्या कीबोर्डला मात्र त्यांतली एक, पहिल्या क्रमांकाची पिन, हवीच असते. तिच्यावरून घड्याळाचा ठोका, म्हणजे 'क्लॉक' संदेश जातो. तोंड अचूक बसते आणि कीबोर्ड मुका राहतो. अशा वेळी तयार केबल न घेता सुटे प्लग घेऊन चारही तारा स्वतः जोडाव्यात.

आपल्याकडच्या एका पिढीने संगणक प्रथम पाहिला तो शाळेतला 'बीबीसी मायक्रो'. केंद्र सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पातून १९८४-८५ पासून निवडक शाळांमध्ये ही यंत्रे आली. एखाद्या शाळेच्या अडगळीत ती आजही सापडू शकतात. तिच्या सिरियल पोर्टचा डिन प्लगही पाच पिनांचाच, पण पिनांची मांडणी वेगळी. फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी. मिडीचा प्लग त्यात बसत नाही. शिवाय ही मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे योग्य प्लगही उलटा घुसू शकतो. म्हणून प्लगच्या वरच्या बाजूला रंगाचा ठिपका देऊन ठेवावा. दहा पैशांचा हा उपाय तासाभराचा शोध वाचवतो.

एकोणीस पिनांची कथा

काही तोंडे मात्र कोणत्याही बाजारात मिळेनाशी झाली. १९ पिनांचा डी-कनेक्टर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ॲपलने मॅकिंटॉशच्या बाह्य फ्लॉपी ड्राइव्हसाठी, अटारीने 'एसटी' संगणकाच्या हार्डडिस्कसाठी आणि 'नेक्स्ट'ने मॉनिटरसाठी तो वापरला. या तीन घराण्यांपलीकडे त्याला फारसा उपयोग नव्हता. ही यंत्रे बंद झाली तसे उत्पादनही थांबले आणि कोठारांतील शिल्लक मालावर जगभरचे हौशी लोक दिवस काढू लागले. अखेर तोही संपला.

जुन्या मॅकसाठी फ्लॉपी ड्राइव्हची जागा घेणारे उपकरण बनवणाऱ्या एका अमेरिकी अभियंत्याचे कामच त्यामुळे अडले. कारखान्याला साचा नव्याने करायचा तर मागणी हजारोंच्या घरात हवी. एकट्या माणसाला ती पेलणारी नव्हती. मग तिन्ही घराण्यांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन वर्गणी काढावी तशी सामुदायिक मागणी नोंदवली आणि २०१६ मध्ये चीनमधील उत्पादकाकडून दहा हजार नवे कनेक्टर बनवून घेतले. बाजाराने मृत ठरवलेली वस्तू ग्राहकांनीच पुन्हा जिवंत केली.

'अमिगा' संगणकाच्या २३ पिनांच्या तोंडाबाबत हौशी मंडळींनी वेगळी वाट काढली. २५ पिनांचा कनेक्टर घ्यायचा, करवतीने कडेचा भाग कापून दोन पिना कमी करायच्या आणि तो बसवायचा. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. पिनांमधले अंतर या सगळ्या कुळात सारखेच असल्यामुळे हे शक्य होते. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने प्लगचे कवच छापून त्यात सुट्या पिना बसवण्याचीही सोय झाली आहे. तोंड दुर्मीळ असेल तर त्याचे भाग मात्र क्वचितच दुर्मीळ असतात, हा यातला धडा.

तीन तारांची केबल

केबल घरी बनवता येते, असे वर म्हटले. त्याचे सर्वांत उपयोगी उदाहरण म्हणजे दोन संगणक सिरियल पोर्टने एकमेकांना जोडणारी 'नल-मोडेम' केबल. जुन्या पीसीतील फायली आजच्या लॅपटॉपवर आणण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. लागणारे साहित्य थोडे: २५ पिनांचा एक व ९ पिनांचा एक फीमेल कनेक्टर, तीन तारांची दोन मीटर केबल, २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि एक चांगले भिंग. लॅपटॉपच्या बाजूला यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणारा अडॅप्टर लागतो. तो सहज मिळतो.

सिरियल पोर्टच्या करारात तीन ओळी अनिवार्य आहेत: पाठवण्याची, घेण्याची आणि दोहोंची सामाईक ग्राउंड. एकाचे पाठवणे म्हणजे दुसऱ्याचे घेणे, म्हणून पहिल्या दोन ओळी एकमेकींना छेदून जोडाव्या लागतात. संगणकाच्या २५ पिनांच्या पोर्टवर दुसरी पिन पाठवण्याची, तिसरी घेण्याची आणि सातवी ग्राउंडची. ९ पिनांच्या पोर्टवर मात्र दुसरी पिन घेण्याची, तिसरी पाठवण्याची आणि पाचवी ग्राउंडची. मौज अशी की हा फरक आधीच उलटा असल्यामुळे, या दोन तोंडांमध्ये केबल बनवताना दुसरी पिन दुसरीला, तिसरी तिसरीला आणि सातवी पाचवीला जोडायची असते. छेद देण्याचे काम क्रमांकांनीच केलेले असते. 'छेद द्यायचा असतो' एवढेच अर्धवट ठाऊक असलेला माणूस इथे दोन आणि तीनची अदलाबदल करतो आणि दिवसभर केबलीकडे बघत बसतो.

काही प्रोग्राम समोरचे यंत्र तयार असल्याची खूण मागतात. त्यांचे समाधान करण्यासाठी २५ पिनांच्या तोंडात चौथी-पाचवी आणि सहावी-आठवी-विसावी, तर ९ पिनांच्या तोंडात सातवी-आठवी आणि पहिली-चौथी-सहावी अशा पिना आपसांत जोडून टाकाव्यात. मग यंत्राला आपलाच होकार परत ऐकू येतो.

सोल्डर करताना एक चूक हमखास होते. कनेक्टरच्या समोरून पाहिले तर क्रमांक एका दिशेने जातात, मागून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने पाहिले तर बरोबर उलट दिशेने. मेल आणि फीमेलमध्येही हे आरशासारखे उलटते. आकृती पाहून मोजत बसू नये. प्रत्येक पिनेशेजारी प्लास्टिकवर बारीक अंक कोरलेला असतो. भिंगाने तोच वाचावा. हूड बसवण्यापूर्वी मल्टिमीटरच्या 'बीप'ने प्रत्येक जोड तपासावा आणि शेजारच्या पिनेशी चुकून जोड लागलेला नाही, हेही पाहावे.

पोर्टच्या पिना कोणत्या, हेच ठाऊक नसेल तर? तरीही वाट आहे. संगणक बंद करून, प्लग काढून, कोणत्या पिनेचा संगणकाच्या धातूच्या सांगाड्याशी थेट संबंध आहे ते पाहावे. ती बहुधा ग्राउंड. मग संगणक सुरू करून दुसऱ्या व तिसऱ्या पिनेवरचा दाब ग्राउंडच्या तुलनेत मोजावा. सिरियल पोर्टची पाठवणारी पिन काही पाठवत नसताना ठळक उणे दाब दाखवते, घेणारी पिन शून्याच्या जवळ राहते. इतक्या साध्या मोजमापाने पाठवणारा कोण, हे कळते. मल्टिमीटरच्या टोकाने दोन पिना एकदम टेकल्या जाऊ नयेत म्हणून मोजताना सुटा प्लग लावून त्याच्या तारांवर मोजावे.

शेवटची चाचणी 'आरशाची'. केबल एकाच संगणकाला लावून तिच्या मोकळ्या टोकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिना तारेने जोडाव्यात आणि टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये काही टाइप करावे. टाइप केलेली अक्षरे परत पडद्यावर आली, तर अर्धी लढाई जिंकली. पुढचे काम संयमाचे. ९६०० च्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरे जातात. ३६० किलोबाइटची एक फ्लॉपी रिकामी व्हायला साडेसहा मिनिटे, तर वीस मेगाबाइटची हार्डडिस्क रिकामी व्हायला सहा तास. रात्री लावून झोपावे आणि सकाळी पाहावे.

पट्टीतला पीळ

फ्लॉपी ड्राइव्हची ३४ तारांची एफआरसी केबल अनेकांनी पाहिली असेल. तिच्या एका टोकाजवळ काही तारांना पीळ दिलेला असतो. कुणाला तो कारखान्याचा दोष वाटतो, पण तोही कराराचाच भाग आहे. आयबीएमने दोन्ही ड्राइव्हवरच्या खुणा एकसारख्या ठेवता याव्यात, म्हणून दहाव्या ते सोळाव्या अशा सात तारा उलटवल्या. ड्राइव्ह निवडण्याचे व मोटर फिरवण्याचे संदेश या तारांतून जातात. पिळाच्या पुढचा ड्राइव्ह 'ए' होतो, अलीकडचा 'बी'. बाजारातून आणलेली सरळ एफआरसी लावली तर ड्राइव्ह हाक मारूनही ओ देत नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

ही केबल बनवायला सोल्डरही लागत नाही. लाल कडेची तार पहिली समजून मोजावे, नववी-दहावी आणि सोळावी-सतरावी यांच्यामध्ये पातीने चीर द्यावी, मधला सात तारांचा पट्टा अर्धा वळसा फिरवावा आणि कनेक्टर व्हाइसमध्ये दाबून बसवावा. त्याचे दात तारांचे आवरण भेदून तांब्याला भिडतात. विषम क्रमांकाच्या तारा ग्राउंडच्या असतात. दोन संदेशांमध्ये एकेक भिंत उभी करावी तशा. म्हणून तारा सोडवून सुट्या करण्याचा मोह टाळावा. आज मदरबोर्डवर फ्लॉपीची जागाच नसली, तरी 'ग्रीसवीझल'सारखी यूएसबीला लागणारी उपकरणे जुन्या ड्राइव्हकडून फ्लॉपी वाचून घेतात, आणि ड्राइव्हशी बोलताना तीही हीच ३४ तारांची भाषा वापरतात.

अडॅप्टर जिथे थांबतो

'त्यात काय, यूएसबीचा अडॅप्टर घेऊ', असे उत्तर अनेकदा मिळते. सिरियलच्या बाबतीत ते बहुतांशी बरोबर आहे. पण अडॅप्टर घेताना तो उणे-अधिक दाब पेलणारा खरा 'आरएस-२३२' आहे ना, हे पाहावे. छंदासाठी मिळणारी छोटी सर्किटे ३.३ किंवा पाच व्होल्टवर चालतात. त्यांच्यामध्ये 'मॅक्स-२३२' सारखी रूपांतर करणारी चिप नसेल तर पहिल्याच जोडणीत ती जळू शकतात. सीजीएच्या मॉनिटरबाबत तर नुसती केबल पुरतच नाही. तिथे चित्राच्या ओळी काढण्याचा वेगच आजच्या मॉनिटरच्या निम्मा असतो, त्यामुळे रूपांतर करणारे उपकरण मध्ये घालावे लागते.

मराठी वाचकाला जवळचा प्रश्न पॅरलल पोर्टचा आहे. डीटीपीच्या आरंभकाळात भारतीय भाषांच्या अनेक सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी डबी येई. मुद्रकांच्या भाषेत 'लॉक'. ती प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरू होत नसे. त्या काळातील मजकूर त्या-त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अक्षरसंकेतात साठवलेला आहे, आजच्या युनिकोडमध्ये नव्हे. फाइल आहे, सॉफ्टवेअर आहे, लॉकही आहे. पण ते लावायला जागा नाही, अशी अवस्था त्यामुळे येते. यूएसबीचा प्रिंटर अडॅप्टर सहसा इथे उपयोगी पडत नाही. तो संगणकाला 'मी प्रिंटर आहे' एवढेच सांगतो. जुने सॉफ्टवेअर मात्र पोर्टच्या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन लॉकची विचारपूस करते आणि त्या पत्त्यावर कुणीच नसते. अशा ठिकाणी खरा पॅरलल पोर्ट असलेले जुने यंत्र चालू स्थितीत ठेवणे आणि मजकूर सिरियलने किंवा डिस्कने बाहेर काढणे, हाच खात्रीचा मार्ग. म्हणून ज्यांच्या कपाटात पुस्तकांच्या, नियतकालिकांच्या जुन्या फायली आहेत, त्यांनी संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागचे पोर्ट एकदा मोजावेत आणि ती लॉकची डबी तर मुळीच टाकू नये.

चिठ्ठी लिहून ठेवा

नवी बनवलेली केबलही दहा वर्षांनी कुणासाठी तरी जुनीच होणार आहे. तेव्हा तिच्यासोबत एक चिठ्ठी असावी. कोणत्या यंत्राची, कोणत्या पोर्टची, कोणती पिन कोणत्या पिनेला, अडॅप्टर असेल तर किती व्होल्ट आणि आतली बाजू अधिक की उणे. ही माहिती चार ओळींत मावते. ती जाड कागदावर लिहून केबलला बांधावी आणि तिचे छायाचित्र यंत्राच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे. कंपन्यांच्या जुन्या सेवा-पुस्तिकांतील अशी माहिती 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या ठिकाणी जतन झाली आहे. पण एखाद्या स्थानिक जोडणीकाराने आपल्या अकलेने केलेल्या केबलचा तपशील जगात दुसरीकडे कुठेच नसतो.

येत्या दिवाळीत माळा आवरताना गुंतलेल्या केबलींचे बोचके हाती येईल. ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याला द्यावी. गुंता सोडवावा, तोंडे पाहावीत, पिना मोजाव्यात, ज्यांचे यंत्र घरात आहे त्या बाजूला काढाव्यात. उरलेल्या खुशाल द्याव्यात. त्या बाजूला काढलेल्या केबलींपैकी एखादीच्या दुसऱ्या टोकाला वडिलांचा हिशेब, आईचा प्रबंध किंवा कुठेही न छापली गेलेली एखादी कथा अजून वाट पाहत असेल.